एका सुपात दोन वाण

माझ्या लिहिण्यातली नावे फार लांब असतात, ही तक्रार मी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकली. त्याआधी पंचवीस वर्षे मी शहापूरच्या एका शाळेत ग्रंथपाल होते, आणि तिथे नाव लांब असणे हा दोष मानला जात नसे. कार्डावर पुस्तकाचे पूर्ण नाव, लेखकाचे पूर्ण नाव, आवृत्ती, खंड, सारे लिहायचे, अशी शिस्त मला माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी लावली होती. आईच्या आजारपणात मी ती नोकरी मुदतीआधी सोडली. आई गेल्यावर घरातले दिवस एकाएकी मोठे झाले, आणि त्यांतल्याच एका दुपारी एसटी स्टँडसमोर मला माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली.

विद्यार्थिनी म्हणणे खरे तर धाडसाचे आहे. मी तिला काहीच शिकवले नव्हते. ती मुरबाड तालुक्यातल्या, डोंगरालगतच्या एका गावची. शहापूरला मामाकडे राहून शिकत होती, आणि मधल्या सुट्टीत डबा खाऊन झाला की ग्रंथालयात दोन कपाटांच्या मधल्या जागेत फरशीवर बसून वाचत असे. घंटा झाल्याचे तिला कळत नसे. मी हाक मारून तिला उठवत असे. आता ती एका स्टेशनरीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर वेबसाइट बनवण्याचे छोटे ऑफिस चालवत होती.

"बाई, या ना आमच्याकडे," ती म्हणाली. "तुम्ही कार्डं लिहायचात, तसंच काम आहे."

ते तितकेसे तसेच नव्हते, हे सहा महिन्यांचा संगणकाचा वर्ग पूर्ण केल्यावर मला कळले. पण तोवर मला ते आवडू लागले होते.

ऑफिसात आम्ही तिघे. ती प्रमुख, आटगावहून रोज येणारा एक तरुण सहकारी, ज्याचे तोंड आणि बोटे सारख्याच वेगाने चालत, आणि मी. माझी पहिली अडचण संगणकाची नव्हतीच. तिला काय म्हणून हाक मारावी, ही होती. शाळेत मी तिला नावाने, एकेरीत बोलावत असे. आता ती मला कामे देत होती आणि माझ्या चुका दाखवत होती. एकदा मी धीर करून 'मॅडम' म्हणाले, तर आटगावच्या सहकाऱ्याने खुर्ची फिरवून विचारले, "कोण आलं?" त्यानंतर मी हाक मारणेच टाळू लागले. "जरा बघता येईल का," अशी वाक्याची सुरुवात करायची आणि तिने मान वर करेपर्यंत थांबायचे. वर्षभर मी तसेच निभावले.

दुसरी अडचण नावांचीच, पण वेगळ्या प्रकारची. वेबसाइटच्या मागे माहितीचा साठा असतो. त्यातून काही हवे असेल तर आपण एक विचारणा लिहून पाठवतो. ग्रंथालयात वाचक चिठ्ठी लिहून देतो, तशी. उत्तरादाखल नोंदींचा एक गठ्ठा येतो. त्या गठ्ठ्यातून एकेक नोंद उचलायची, वाचायची आणि पानावर मांडायची. चिठ्ठी, गठ्ठा आणि हातातली नोंद या तिन्हींना ठेवायला एकेक भांडे लागते, आणि प्रत्येक भांड्याला आपण नाव द्यायचे असते. संगणकाला त्या नावाशी देणेघेणे नसते. ते माणसांसाठी असते.

आमच्या ऑफिसात याबाबत एक नियम होता. तो तिच्या टपोऱ्या अक्षरात कागदावर लिहून भिंतीला चिकटवलेला होता: चिठ्ठीचे नाव 'एसक्यूएल', गठ्ठ्याचे नाव 'रिझल्ट', हातातल्या नोंदीचे नाव 'रो'. त्यामागे कारण होते. माझ्या आधी तिथे काम करणाऱ्याने सगळ्या भांड्यांना आपल्या गावच्या क्रिकेट संघातल्या खेळाडूंची टोपणनावे दिली होती. तो नोकरी सोडून गेल्यावर कोणत्या खेळाडूत पत्ता आहे आणि कोणत्या खेळाडूत फोन नंबर, हे शोधण्यात तिचे आठ दिवस गेले. नियम चांगला होता. मला तो पूर्णपणे मान्य होता. फक्त माझ्या हातून तो पाळला जात नसे.

गठ्ठ्याला नुसते 'रिझल्ट' म्हणायचे म्हणजे साऱ्या पुस्तकांवर 'पुस्तक' असे लिहून ठेवण्यासारखे मला वाटे. मग मी रोमन अक्षरांत, शब्दांमध्ये जागा न सोडता, 'सर्वपाड्यांचीक्रमवारयादी' असे नाव ठेवत असे, किंवा 'यापाड्यातीलबियाणेराखणारीकुटुंबे' असे. लिहिताना थोडे ओशाळल्यासारखे होई, पण लिहून झाल्यावर शांत वाटे.

"बाई, एक सांगू का?" आटगावचा सहकारी एकदा माझ्या पडद्याकडे बघत म्हणाला. "हे तुमचं नाव वाचायला मी आसनगावला गाडीत बसल्यावर सुरुवात केली ना, तर आटगाव जाईल आणि कसाऱ्याला उतरून परत यायला लागेल. तरी नाव संपायचं नाय."

"असू दे रे," ती तिच्या टेबलावरून म्हणाली. "वाचल्यावर कळतं तरी. तुझं लिहिलेलं तुला दुसऱ्या दिवशी कळत नाही."

मीही हसले. पण बोलताना तिची नजर क्षणभर भिंतीवरच्या कागदाकडे गेली होती, ती मी पाहिली होती, आणि तीच माझ्या मनात राहिली.

वरच्या दोन नावांवरून त्या वेळचे काम लक्षात आले असेल. ते तिच्या स्वतःच्या गावचे होते. गावाला सहा पाडे. तिथल्या काही कुटुंबांनी भाताचे, नागलीचे, वरीचे जुने वाण पिढ्यान्‌पिढ्या राखले आहेत. हे बियाणे विकायचे नसते. एखाद्याचे बी बिघडले, पावसात गेले, तर त्याने ज्याच्याकडे आहे त्याच्या दारात जायचे, पायलीभर न्यायचे आणि पीक आल्यावर परत आणून द्यायचे, अशी तिथली रीत. अलीकडे कोणाकडे काय उरले आहे हेच कोणाला धड ठाऊक नसे. म्हणून सगळ्या पाड्यांची एक यादी वेबसाइटवर करायची, म्हणजे शेजारच्या गावातला माणूसही फोनवर बघून विचारू शकेल, असे तिने ठरवले. वही घेऊन ती दोन महिने पाड्यापाड्यांवर फिरली. सुरुवात अर्थातच घरापासून झाली, त्यामुळे तिचा पाडा यादीत पहिला होता. बाकीच्या पाड्यांवर नावे मिळवणे सोपे गेले नाही. नावे लिहून नेणारी माणसे तिथल्या लोकांनी बरीच पाहिली होती.

"मी सगळ्यांना शब्द दिलाय," ती मला म्हणाली होती. "जेवढी नावं वहीत, तेवढी पानावर. गावात अजून मला कामाची माणूस म्हणून कोणी ओळखत नाही, बाई. शहापूरला असते ती पोरगी, एवढंच. हे नीट झालं पाहिजे."

यादीचे पान लिहिण्याचे काम तिने मला दिले. त्याचा मला किती आनंद झाला, हे मी तिला सांगितले नाही.

त्या पानात एका विचारणेच्या पोटात दुसरी विचारणा होती. पहिली सगळे पाडे आणते. मग एकेक पाडा हातात घेऊन दुसरी विचारते, या पाड्यातली कुटुंबे कोणती? मी ते माझ्या लांब नावांनी लिहिले आणि ते नीट चालले. रविवारी गावच्या बैठकीत पान दाखवायचे होते. शुक्रवारी दुपारी ते दोघे एका मंगल कार्यालयाच्या कामासाठी बाहेर गेले आणि मी एकटी भिंतीवरच्या त्या कागदासमोर बसले होते. मला वाटले, हे तिच्या गावचे काम आहे. निदान इथे तरी तिचा नियम पाळावा. ती उघडून बघेल तेव्हा तिला बरे वाटेल. मी माझी सारी लांब नावे काढून टाकली आणि त्या जागी 'एसक्यूएल', 'रिझल्ट' आणि 'रो' लिहिले. बाहेरच्या विचारणेतही आणि आतल्याही. मग पान चालवून पाहिले. ठीक दिसले, कारण माझ्या संगणकावर तपासणीसाठी मी एकच काल्पनिक पाडा आणि चार काल्पनिक कुटुंबे भरली होती. खरी माहिती ती स्वतः शनिवारी भरणार होती.

शनिवारी तिने ती भरली आणि पान चढवले. "बघू का एकदा सगळं?" असे आटगावच्या सहकाऱ्याने विचारल्यावर ती म्हणाली, "बाईंनी बघितलंय ना. मग झालं."

रविवारी सकाळी आम्ही तिघे जीपने गेलो. मुरबाड मागे पडले, तसे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताच्या रोपांसाठी भाजलेल्या राबांचे काळे तुकडे दिसू लागले. बैठक गावच्या शाळेत होती. बायकांनी आपापले बी सुपांत मांडून आणले होते आणि व्हरांड्यात ओळीने ठेवले होते. लवकर येणारे हळवे भात, उशिरा येणारे गरवे भात, तांबूस नागली, बारीक वरी. प्रत्येक घरचे सूप वेगळे, आणि दोन सुपांच्या मध्ये पाऊल मावेल एवढे अंतर. शाळेच्या टीव्हीला लॅपटॉप जोडला. मी दाराजवळ, सगळ्यांच्या मागे उभी राहिले. ती जागा मला कुठेही लगेच सापडते.

पान उघडले. गावाचे नाव आले, त्याखाली पहिल्या पाड्याचे, आणि त्याखाली सात कुटुंबे. पहिलेच नाव तिच्या आत्याचे होते, पुढे तीन वाण. आत्या पुढेच बसली होती. ती लाजून हसली आणि कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मग माझ्या विद्यार्थिनीने पान वर सरकवले. खाली काही नव्हते. तिने पुन्हा सरकवले. पांढरी जागा.

"बाकीचे पाडे पुरात गेले काय गो?" खालच्या पाड्यावरचा एक गृहस्थ म्हणाला. सगळे हसले. मग हसणे थांबले.

"नाय, आहेत," ती म्हणाली. "सगळी नावं भरलीयत मी. काल रात्री जेवायच्या आधी मोजून घेतली."

"आमची पण लिवून नेली व्हतीस," सुपामागे बसलेली एक म्हातारी म्हणाली. तिचा पाडा सर्वांत वरचा, डोंगराच्या कडेचा. तिच्या आवाजात राग नव्हता, हे जास्त वाईट होते. "दोनदा आली व्हतीस. मी बोल्ली व्हती ना तुला, नावं नेतात आन परत येत नायत."

"तुमच्या पाड्याची बरी आली, सगळीच्या सगळी," तोच गृहस्थ म्हणाला, आणि या वेळी तो हसत नव्हता.

तिचा चेहरा मी बाजूने पाहिला. कपाटांच्या मधून घंटेनंतर उठवल्यावर दिसायचा, तसा गोंधळलेला. तेवढ्यात तिची आत्या उठून उभी राहिली.

"माझं नाव काढ गो त्यातून," ती म्हणाली. "सगळ्यांची येत नसतील तर माझं पण नको."

आटगावच्या सहकाऱ्याने आपल्या फोनवर साठा उघडून पाहिला होता. "माहिती हाय," तो तिला हळूच म्हणाला. "सगळी हाय. दिसत का नाय, ते कळत नाय."

मला कळले होते. पहिला पाडा पुरा आणि नंतर एकदम काही नाही, हे पाहिले तेव्हाच शुक्रवारची दुपार माझ्या डोळ्यांसमोर आली होती. बाहेरच्या गठ्ठ्याचे नाव 'रिझल्ट', आतल्याचेही 'रिझल्ट'. मी गप्प राहिले असते, तर ऑफिसात परत गेल्यावर चूक सापडली असती, दुरुस्त झाली असती, आणि ती तिला एकांतात सांगता आली असती. पण ती माणसे तोवर आपापल्या पाड्यांवर गेली असती, आणि 'शहापूरच्या पोरीने आपल्याच पाड्याची नावे लावली' एवढेच सोबत घेऊन गेली असती.

मी तिला हाक मारली. नावाने, एकेरीत, शाळेत मारत असे तशी. आणि बहुधा तेवढ्याच मोठ्याने, कारण सगळे मागे वळले.

"चूक माझी आहे," मी म्हणाले.

"जरा जोरात बोला, बाई," कोणीतरी म्हणाले.

"चूक माझी आहे. हिने तुम्हा सगळ्यांची नावे लिहिली आहेत. ती पानावर मांडायचे काम माझे होते."

गठ्ठा, विचारणा, नोंद, यांतला एकही शब्द तिथे उपयोगाचा नव्हता. माझे लक्ष व्हरांड्यातल्या सुपांकडे गेले. एक रिकामे सूप भिंतीला टेकून ठेवले होते. मी ते उचलले, शाळेच्या पायरीजवळचे सहा खडे वेचून त्यात टाकले आणि जमिनीवर बसले. इतक्या माणसांसमोर मी याआधी कधी जमिनीवर बसले नव्हते; उभे राहण्यापेक्षा ते सोपे गेले.

"हे सहा पाडे," मी म्हणाले. "यांतला एकेक उचलायचा, त्याची घरे मांडायची, की पुढचा उचलायचा. मी पहिला पाडा उचलला. मग त्याची घरे ठेवायला दुसरे सूप घ्यायला हवे होते. मी हेच घेतले." मी पाच खडे बाहेर ओतले आणि त्या जागी पाचोळ्याची पाने टाकली. "ही त्या पाड्याची घरे. ती एकेक करून मांडली. मांडून संपली. मग पुढचा पाडा घ्यायला सुपात हात घातला, तर सूप रिकामे. म्हणून मला वाटले, काम झाले."

मग वरच्या पाड्यावरची ती म्हातारी पुढे झुकली.

"एका सुपात दोन वाण घातलंस?"

"हो."

"आगं बाय!" तिने कपाळाला हात लावला. आजूबाजूच्या बायकाही हळहळल्या, आणि ती हळहळ अगदी खरी होती; कारण बी राखणाऱ्या घरात याहून मोठी चूक नसते. एकदा दोन वाण मिसळले की वेगळे करता येत नाहीत, म्हणून तर ती सुपे पाऊलभर अंतराने ठेवलेली होती. "आमच्यात नवी सून आली की पयलं हेच सांगतात. ह्या पोरीला कुणी सांगितलं नाय काय?"

"पोरगी नाय ती, आजी," आटगावचा सहकारी म्हणाला. "ती ह्यांची शाळेतली बाई हाय."

"मग तर सांगायलाच पायजे व्हतं," म्हातारी म्हणाली, आणि पहिला हसला तो तोच खालच्या पाड्यावरचा गृहस्थ.

शाळेत मोबाइलची रेंज पान बघण्यापुरतीच मिळे; दुरुस्ती चढवण्याइतकी ती आवारातल्या पाण्याच्या टाकीपाशी होती. आम्ही लॅपटॉप घेऊन टाकीच्या कट्ट्यावर बसलो, ती आणि मी. मागे दहाबारा जण येऊन उभे राहिले. मी पान उघडले.

"मी नियम पाळायला गेले," मी तिला हळू आवाजात म्हणाले. "तुला बरे वाटावे म्हणून."

"बाई, मला विचारायचं तरी," ती म्हणाली. "मला तुमची लांब नावं आवडायची. तुमचं लिहिलेलं वाचलं की ग्रंथालयात बसल्यासारखं वाटायचं." मग तिने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "घाला ते परत. जे होतं तेच."

मी आतल्या गठ्ठ्याचे नाव पुसून 'यापाड्यातीलबियाणेराखणारीकुटुंबे' असे पूर्ण लिहिले, आणि हातातल्या नोंदीलाही वेगळे नाव दिले. मागून कोणीतरी विचारले, "एवढं लांब?" आटगावचा सहकारी म्हणाला, "लांबच बरं हाय, काका. तुमी गप बघा."

"आणखी एक," ती म्हणाली. "आमचा पाडा शेवटी टाका. मीच पहिला लावायला नको होता."

टीव्हीवर पुन्हा पान आले, तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे वाचत होते. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी ती मोठ्याने वाचू लागली. घराचे नाव, मग वाण. ज्याचे नाव येई तो "हाय" म्हणे आणि आपल्या सुपाकडे बोट दाखवी. वरच्या पाड्यावरच्या म्हातारीचे नाव पहिल्याच पाड्यात आले. ती "हाय" म्हणाली, आणि मग टीव्हीकडे न बघता मला म्हणाली, "बघ, आता वेगळं वेगळं झालं." एक पाडा संपला, दुसरा संपला. तिसऱ्या पाड्यानंतर पुढचा येतो की नाही म्हणून मी पुढे वाकून बघितले. तो आला. पाचव्या पाड्यापर्यंत ऊन व्हरांड्यात शिरले आणि बायकांनी सुपे मागे ओढली, तरी वाचणे चालूच होते.

सहावा पाडा तिचा. आत्या बराच वेळ टीव्हीसमोर कमरेवर हात ठेवून उभी होती.

"मघाशी पयली व्हती मी," ती म्हणाली. "आता एवढी खाली? कवाधरनं उभी हाय."

"तूच बोललीस ना, काढ म्हणून," ती हसून म्हणाली, आणि आत्याचे नाव तिने इतर सगळ्यांपेक्षा थोडे मोठ्याने वाचले.

सोमवारी ऑफिसात गेले, तेव्हा भिंतीवरच्या कागदावर तीन ओळींखाली चौथी ओळ लिहिलेली होती: आतल्या विचारणेला दुसरे सूप घेणे. आटगावच्या सहकाऱ्याने ती इतकी मनावर घेतली आहे की त्याच्या लिहिण्यात आता आतल्या गठ्ठ्याचे नाव 'सूपदोन' असते. नवीन माणूस आला तर त्याला ते समजणार नाही, असे मी एकदा म्हणून पाहिले. तो म्हणाला, "त्याला तुमी सांगा ना, बाई. खडे घेऊन."

आणि तिला मी आता नावानेच हाक मारते.